वाहत्या पाण्याचा रंग

पाण्याचा रंग कोणता, असा प्रश्न एखाद्या लहान मुलास विचारला, तर तें तत्काळ ‘निळा’ म्हणून सांगतें आणि खडूच्या पेटींतील निळी कांडी उचलतें. प्रौढ मनुष्य त्यास हसतो. परंतु तोच तैलरंगांची पेटी घेऊन प्रथम नदीकांठीं जाऊन बसला, म्हणजे त्याचाहि हात निळ्या रंगाच्या नळीकडेच वळतो. तासाभरानें त्याच्या कॅनव्हासवर मध्यें एक निळा पट्टा, त्याच्या दोहों बाजूंस दोन हिरवे पट्टे आणि वर आकाशाचा पुन्हां एक निळा पट्टा तयार होतो. झाडें झाडांसारखीं दिसतात, होडी होडीसारखी दिसते. पाणी मात्र कांहीं केल्या वाहत नाहीं. तें रंग दिलेल्या पत्र्यासारखें निश्चल पडून राहतें. अशा वेळीं तो आपल्या हाताला दोष देतो आणि हात सुधारण्यासाठीं शिकवणी लावतो. वास्तविक त्याच्या हाताचा अपराध थोडा असतो. नदीविषयीं जें त्यास पूर्वींपासून ठाऊक होतें, तेंच त्यानें उतरून काढलेलें असतें. समोरच्या नदीकडे त्याची दृष्टि गेलेलीच नसते.

या अडचणींतून वाट काढणारे तरुण चित्रकार एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत फ्रान्समध्यें निपजले. त्यांस पुढें इंप्रेशनिस्ट हें नांव पडलें आणि मराठींत त्यांच्या संप्रदायास दृक्प्रत्ययवाद म्हणूं लागले. त्यांचीं चित्रें आज जगांतील मोठमोठ्या संग्रहालयांत आहेत व त्यांच्या किंमती ऐकून सामान्य मनुष्य थक्क होतो. परंतु तैलरंगांत नदी रंगविण्यास शिकूं इच्छिणाऱ्यानें त्यांची कीर्ति क्षणभर बाजूस ठेवावी आणि ते स्वतः कसे शिकले हें पाहावें. कारण तेहि शिकलेच. आणि बहुतांशीं पॅरिसच्या पश्चिमेस सीन नदी जीं मोठमोठीं वळणें घेत समुद्राकडे जाते, त्या वळणांवर बसून शिकले.

त्यांच्या पूर्वींचे चित्रकार नदीवर जात नसत असें नाहीं. ते जात, रेखाटनें करीत, लहान लहान तैलचित्रेंहि करून आणीत. परंतु प्रदर्शनांत मांडावयाचें मोठें चित्र बहुधा चित्रशाळेंतच, उत्तरेकडील खिडकीच्या थंड प्रकाशांत सिद्ध होई. कॅनव्हासवर पुष्कळदां आधीं गडद तपकिरी लेप असे, त्यामुळें नदीवरचें ऊनहि जुन्या घरांतल्या संध्याकाळसारखें दिसे. शिवाय रंग बाहेर नेणें हें एक संकटच होतें. तेलांत घोटलेला रंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवींत बांधून ठेवीत; टोचून काढला कीं भोंक नीट बुजत नसे आणि उरलेला रंग सुकून जाई. १८४१ सालीं जॉन गॉफ रँड नांवाच्या अमेरिकन चित्रकारानें कथलाच्या दाबतां येणाऱ्या नळीचें पेटंट घेतलें. आज दंतमंजनाची नळी पिळतांना कोणास त्याची आठवण होत नाहीं; पण सबंध रंगशाळा खांद्यावरील पेटींत भरून नदीवर नेणें शक्य झालें तें त्या नळीमुळें. ब्रशाचे केस धातूच्या पट्टींत चपटे बसवूं लागल्यानें रुंद, चौकोनी, एका झटक्यांत उमटणारा फटकारा मारतां येऊं लागला. रसायनशास्त्रज्ञांनीं नवे रंगहि दिले होते. थेनार यानें १८०२ सालीं कोबाल्टचा निळा तयार केला. आणि पूर्वीं लाजवर्दी दगड कुटून मिळणारा महागडा अल्ट्रामरीन कृत्रिम रीतीनें स्वस्तांत बनविल्याबद्दल गिमे यास १८२८ सालीं पारितोषिक मिळालें. साधनें अशीं हाताशीं आलीं होतीं. डोळा तयार व्हावयाचा होता.

डोळा तयार करणारा पहिला गुरु म्हणजे यूजेन बूदँ. ल हाव्र बंदरांतील हा खलाश्याचा मुलगा समुद्रकिनाऱ्यावर उघड्या हवेंत बसून आकाशें रंगवीत असे. त्याच गांवीं क्लोद मोने हा सतरा वर्षांचा पोर लोकांचीं विडंबनचित्रें काढून चार पैसे मिळवीत होता आणि त्या यशानें बराच फुशारला होता. बूदँचीं चित्रें त्यास प्रथम मुळींच आवडत नसत. तरी १८५८ सालच्या उन्हाळ्यांत बूदँनें त्यास बरोबर नेलें आणि आपल्या शेजारीं बसविलें. त्या वर्षींचें मोनेचें रूएल येथील देखाव्याचें चित्र उपलब्ध आहे: एक लहानसा ओढा, कांठावर उंच पॉपलर वृक्ष, आणि पाण्यांत त्यांचें प्रतिबिंब. चित्र नीटनेटकें, विनयशील, विद्यार्थ्याचें आहे. पाणी तेथें अगदीं स्तब्ध आहे, म्हणजे सर्वांत सोपें आहे. शिकणाऱ्यानें आरंभ येथूनच करावा. मोनेनेंहि तसाच केला. आपले डोळे बूदँनें उघडले असें तो पुढें आयुष्यभर सांगत असे.

पुढें पॅरिसमध्यें ग्लेअरच्या चित्रशाळेंत त्याची ऑग्यूस्त रन्वार व फ्रेदेरिक बाझील या समवयस्कांशीं गांठ पडली. तेथील शिक्षणाविषयीं फार बोलण्याचें कारण नाहीं. खरी शाळा भरली ती १८६९ च्या उन्हाळ्यांत, बूजिव्हाल गांवाजवळ सीनच्या कांठीं.

तेथें ‘ला ग्रनुयेर’, म्हणजे बेडकांचें डबकें, या नांवाचें एक जलविहाराचें ठिकाण होतें. तराफ्यांवर उभारलेलें उपाहारगृह, त्यास फळीच्या पुलानें जोडलेलें एकच झाड असलेलें वाटोळें बेट, भाड्याच्या होड्या आणि पोहणारांची गर्दी. बेटाच्या वाटोळ्या आकारावरून लोक त्यास कामांबेर या चीजचें नांव देत. रविवारीं पॅरिसहून आगगाडीनें माणसें येत व दिवसभर खात, पीत, डुंबत. त्या सुखवस्तु गर्दीच्या कडेला बसून दोन तरुण चित्रें काढीत होते आणि त्यांच्या खिशांत पैसा नव्हता. सरकारी वार्षिक प्रदर्शनानें त्या वर्षीं मोनेचीं चित्रें नाकारलीं होतीं. घरीं कामीय व दोन वर्षांचा मुलगा जाँ. ऑगस्टमध्यें मोनेनें बाझीलला पत्र लिहिलें, त्यांत गेले आठ दिवस घरांत पाव नाहीं, चुलीला विस्तव नाहीं, दिवा नाहीं, असें वर्णन आहे. रन्वार आपल्या आईबापांच्या घरून पाव आणून देतो म्हणून उपासमार टळते, असेंहि त्यांत आहे. रन्वारची स्थिति याहून फारशी बरी नव्हती. रंग संपले म्हणजे काम थांबे.

सप्टेंबरांत त्यानें बाझीलला पुन्हां लिहिलें. या जलविहाराचें एक मोठें चित्र करावें असें आपलें स्वप्न आहे. त्यासाठीं कांहीं वाईटशीं टिपणें करून ठेवलीं आहेत. रन्वारचाहि तोच विचार आहे. असा त्याचा आशय होता. तीं ‘वाईटशीं टिपणें’ आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयांत आणि लंडनच्या नॅशनल गॅलरींत टांगलेलीं आहेत, आणि रन्वारचें त्याच बेटाचें चित्र स्टॉकहोम येथें आहे. दृक्प्रत्ययवादाचा जन्म कोठें झाला याचा शोध घेणारे अभ्यासक याच टिपणांपाशीं येऊन थांबतात.

न्यूयॉर्कचें चित्र सुमारें ७५ सेंटिमीटर उंच व १०० सेंटिमीटर रुंद आहे. त्याची छापील प्रतिकृति मिळाली तरी शिकणाऱ्यास पुष्कळ उपयोग होतो. मात्र तिच्यावर एक जाड कागद ठेवून, त्यांत आगपेटीच्या आकाराची खिडकी कापून, फक्त पाण्याचा भाग पाहावा. तेथें निळा पट्टा मुळींच नाहीं. रुंद, आडवे, तुटक फटकारे आहेत: कांहीं जवळजवळ काळे, कांहीं गडद हिरवे, कांहीं फिकट आकाशी, मधून मधून पिवळसर मातकट. एकांत दुसरा मिसळून गुळगुळीत केलेला नाहीं. जवळचे फटकारे लांब व जाड आहेत. बेटाकडे जावें तसे ते आंखूड, बारीक आणि एकमेकांजवळ येतात, आणि एवढ्यानेंच पाणी आडवें पसरून दूर जातें. बांधलेल्या होड्या दोनचार ओढींत आटोपल्या आहेत. फळीवरील माणसांना नाक नाहीं, डोळे नाहींत. आतां खिडकी काढून चित्र हातभर दूर धरलें, कीं तेच तुकडे हलूं लागतात.

रन्वारनें तेंच बेट अधिक जवळ घेतलें. त्याचे फटकारे पिसांसारखे मऊ आहेत, त्याचें लक्ष स्त्रियांच्या पोशाखांवर आणि माणसांच्या मेळ्यावर आहे. पाणी त्यांच्यासाठीं चकाकतें. मोनेला माणसांची पर्वा थोडी. एकाच वेळीं, एकाच ठिकाणीं बसलेल्या दोन मित्रांची दोन चित्रें इतकीं भिन्न असावींत, हें ज्यांना ही पद्धति म्हणजे केवळ एक ठराविक युक्ति वाटते त्यांनीं अवश्य पाहावें.

मोनेला पाण्यांत जें दिसलें त्यास कारण आहे, आणि तें कळल्यास शिकणाऱ्याचें काम सुलभ होतें. पाण्याचा पृष्ठभाग हा आरसा आहे, पण तो कोनाप्रमाणें बदलणारा आरसा आहे. दूरच्या पाण्याकडे दृष्टि अगदीं तिरकस जाते, म्हणून तें आकाश व पलीकडचा कांठ दाखवितें. पायाजवळच्या पाण्याकडे दृष्टि सरळ खालीं जाते, म्हणून तेथें प्रतिबिंब क्षीण होऊन पाण्याचा स्वतःचा रंग आणि उथळ असल्यास तळ दिसतो. वारा आला कीं प्रत्येक लाट एक लहान कललेला आरसा होते. तिची एक बाजू आकाशाचा एक भाग दाखविते, दुसरी बाजू झाडाची सावली. म्हणून काळ्या फटकाऱ्याशेजारीं एकाएकीं आकाशी फटकारा येतो. त्यांचें मिश्रण करून मधला राखी रंग लावणें हीच नवशिक्याची पहिली चूक.

दुसरें, प्रतिबिंब म्हणजे वरच्या वस्तूची उलटी नक्कल नव्हे. पुलाचें प्रतिबिंब पाहिलें तर त्यांत कमानीची खालची बाजू अधिक दिसते, जी कांठावरून पाहणाऱ्यास वर दिसत नाहीं. सामान्यतः काळोख्या वस्तूचें प्रतिबिंब तिच्याहून किंचित् उजळ असतें व उजळ वस्तूचें किंचित् मंद असतें. पाणी हलत असेल तर प्रतिबिंब खालच्या दिशेनें लांबत जातें, पण बाजूंस पसरत नाहीं. एवढें ध्यानांत ठेवून आधीं प्रतिबिंबांचे रंग उभ्या ओढींनीं खालीं आणावे आणि ते ओले असतांनाच आडव्या ओढींनीं तोडावे. चमकीचे पांढरे ठिपके अगदीं शेवटीं, आणि मोजके. नवशिके ते आधीं देतात व मग सबंध नदीवर तांदूळ सांडल्यासारखें दिसतें.

रंग शेजारीं शेजारीं ठेवल्यानें एकमेकांस बदलतात, हें शेव्हरल यानें १८३९ सालच्या आपल्या ग्रंथांत सांगितलें होतें. तो रसायनशास्त्रज्ञ, पॅरिसच्या गोबलँ कारखान्यांतील रंगखात्यावर त्याची देखरेख होती आणि काळ्या लोकरीचा रंग फिका दिसतो या तक्रारीचा शोध घेतां घेतां, दोष रंगांत नसून शेजारच्या धाग्यांत आहे असें त्यास आढळलें. नारिंगी होडीजवळचें पाणी अधिक निळें दिसतें तें याच नियमानें. मोनेचें ‘इंप्रेशन, सूर्योदय’ हें १८७२ सालचें चित्र सर्वांना नांवानें ठाऊक असतें. १८७४ सालीं पॅरिसमध्यें नादार या छायाचित्रकाराच्या पूर्वीच्या जागेंत या मंडळींनीं स्वतःचें प्रदर्शन भरविलें, तेव्हां या चित्राच्या नांवावरूनच लुई लरुआ या टीकाकारानें त्यांची टर उडविली आणि त्यांस हें नांव चिकटलें. त्या चित्रांतील नारिंगी सूर्य जळत असल्यासारखा वाटतो. परंतु त्याचें कृष्णधवल छायाचित्र घेतल्यास सूर्य जवळजवळ नाहींसा होतो, कारण त्याचा उजेड भोवतालच्या राखी आकाशाइतकाच आहे. त्याचें सारें तेज रंगाच्या विरोधांत आहे. शिकणाऱ्यानें आपल्या चित्रावर ही परीक्षा करून पाहावी. हल्लीं तर खिशांतील फोनवरहि ती क्षणांत होते.

आतां प्रत्यक्ष कामाचें. कॅनव्हास फार मोठा नसावा. हातभर रुंद पुरे. त्यावर फिकट राखी किंवा पिवळसर लेप असावा. रंग सहा सात बस्स: पांढरा, दोन निळे, एक हिरवा, दोन पिवळे, एक तांबडा. काळा रंग कांहीं महिने घरींच ठेवावा, म्हणजे सावलींत जांभळा व हिरवा असतो हें आपोआप कळेल. बसतांच रंग लावूं नये. डोळे बारीक करून पाहावें. बारकावे नाहींसे होतात आणि चार पांच मोठे उजेड-अंधाराचे तुकडे उरतात. ते तुकडे टर्पेंटाइननें पातळ केलेल्या रंगानें झपाट्यानें मांडून घ्यावे. त्यावर हळूहळू दाट रंग चढवावा. खालचा थर कमी तेलाचा व वरचा अधिक तेलाचा, हा जुना नियम मोडूं नये. अळशीचें तेल पाण्यासारखें उडून सुकत नाहीं, हवेंतील प्राणवायु शोषून घट्ट होतें. वरचा थर आधीं घट्ट झाला आणि खालचा मागाहून हलला, तर चित्रास भेगा पडतात.

सर्वांत कठीण शत्रु म्हणजे सूर्य. तो थांबत नाहीं. दोन तासांत सावल्या जागा बदलतात, आणि जो सकाळीं आरंभ केलेलें चित्र दुपारपर्यंत ओढीत नेतो, त्याच्या चित्रांत दोन सूर्य दिसूं लागतात. मोनेनें यावर उपाय केला तो सरळ होता. प्रकाश बदलला कीं तो चित्र बदली; दुसऱ्या दिवशीं त्याच वेळीं पहिलें पुन्हां घेई. आर्जान्तई येथें राहत असतां त्यानें एका होडीवर लहान खोली बांधून तरंगती चित्रशाळा केली होती. माने यानें १८७४ सालीं त्या होडींत बसून रंगवीत असलेल्या मोनेचें चित्र काढलें आहे. होडींत बसल्यानें दृष्टि पाण्याच्या जवळ येते आणि नदी कांठावरून दिसते तशी खालीं पडलेली न दिसतां समोर येते. १८९१ सालीं एप्त नदीवरील पॉपलरची रांग रंगवीत असतां तीं झाडें विक्रीस निघालीं. तेव्हां चित्रें पुरीं होईपर्यंत तीं तोडूं नयेत म्हणून त्यानें लांकडाच्या व्यापाऱ्यास पैसे दिले. त्यांपैकीं एका चित्रावरील प्रकाश अवघीं सात मिनिटें टिकत असे, अशी आठवण लिला कॅबट पेरी या अमेरिकन चित्रकर्त्रीनें सांगितली आहे. समोर झाड आहे, घर आहे, हें विसरून जा आणि येथें निळा चौकोन, तेथें गुलाबी तुकडा, एवढेंच मांडीत जा, असा त्याचा तिला उपदेश असे.

१८९६ व १८९७ सालीं, वयाच्या सत्तावनाव्या वर्षापर्यंत येऊन ठेपल्यावर, मोने पहांटे साडेतीन वाजतां उठून झिव्हर्नीजवळ एप्त जेथें सीनला मिळते तेथें सपाट तळाच्या होडींत जाऊन बसे. चौदा कॅनव्हास एका वेळीं चालू असत. मदतनीस क्रमानें एकेक हातीं देई. त्या ‘सीनवरील सकाळी’ पाहाव्या. ला ग्रनुयेरचे ठसठशीत फटकारे तेथें नाहींत. धुकें, झाडें आणि त्यांचें प्रतिबिंब यांची सीमा शोधावी लागते. चित्र उलटें टांगलें तरी क्षणभर कळूं नये. ज्यानें अठ्ठावीस वर्षांपूर्वीं पाण्याचे तुकडे केले, त्यानेंच ते पुन्हां असे जोडून घेतले. आणि ज्यास तीं जुनीं पत्रें लिहिलीं होतीं तो बाझील मात्र २८ नोव्हेंबर १८७० रोजीं प्रशियाबरोबरच्या युद्धांत, वयाच्या अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षीं पडला. त्याच्या मित्रांस नांव मिळालेलें त्यानें ऐकलें नाहीं.

ही रीति कृष्णेच्या किंवा गोदावरीच्या कांठीं वापरणारास एक दोन गोष्टी आपल्या आपणच शोधाव्या लागतात. फ्रान्सच्या उत्तर भागांत सूर्य तिरपा चालतो, म्हणून तेथें ऊन दीर्घकाळ सौम्य राहतें. इकडे तो झरझर वर चढतो. सकाळचा पहिला दीड तास आणि सायंकाळचा शेवटचा, एवढाच काळ चित्रकाराचा. दुपारीं घाटाच्या पायऱ्या व पाणी सारखींच पांढरीं भगभगतात. पावसाळ्यांतलें गढूळ पाणी तर तेथील चित्रांत सांपडणार नाहीं. तें नुसतें तपकिरी रंगवूं नये. उजेडांत त्यावर आकाशाचा करडा जांभळा थर असतो. होडीच्या किंवा घाटाच्या सावलींत तो थर निघून जातो, आणि तेथेंच मातीचा खरा तांबूस रंग उघडा पडतो. नवशिके नेमका याच्या उलट प्रकार करतात.

ओलें चित्र घरीं नेणें ही एक स्वतंत्र कला आहे. सारख्या मापाचे दोन कॅनव्हास समोरासमोर धरून चारी कोपऱ्यांत बुचाचे तुकडे घालावे आणि दोरीनें बांधावे, म्हणजे रंगास कांहीं लागत नाहीं. घरीं आल्यावर चित्र आरशांत उलटें पाहावें. कललेला कांठ व वाकडें प्रतिबिंब तेथें तत्काळ सांपडतें. त्याच रात्रीं दुरुस्तीस बसूं नये. पुन्हां त्याच जागीं, त्याच वेळीं जावें. दाट रंग आंतून घट्ट होण्यास महिने लागतात, म्हणून वॉर्निश लावण्यापूर्वीं निदान सहा महिने थांबावें लागतें. आणि तेवढ्यांत समोरच्या नदीचें पाणी एकदां चढून उतरलेलें असतें.